लॅन्डिडनोला जायचंय? आधी भरतीची वेळ बघा

बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं आता मँचेस्टरला, लिव्हरपूलला, लेस्टरला शिकायला आहेत. जुलै आला की पदवीदान समारंभ येतो आणि आई-बाबा त्या निमित्ताने पहिल्यांदा विलायतेला निघतात. बेत बहुतेक ठरलेला असतो: लंडनला तीन-चार दिवस, जमलं तर एडिंबरा, आणि उरलेले दोन दिवस मुलाच्या खोलीवर किंवा मॉलमध्ये. ते उरलेले दोन दिवस उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावर, लॅन्डिडनोला द्यावेत असं आम्ही विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. जायचं कसं, राहायचं कुठे, काय चुकतं आणि का, ते सगळं इथे एकदाच लिहून ठेवतो आहोत.

ब्रिटनमधली समुद्रकाठची बरीच जुनी गावं आज थकलेली दिसतात. लोक स्वस्त विमानांनी स्पेनला जायला लागले, हॉटेलं रिकामी पडली, दर्शनी भिंतींवर पाट्या आणि पत्रे चढले. लॅन्डिडनोचं रूप मात्र टिकलं, कारण ते मुळातच एका हाताने आखलेलं आहे. १८४० च्या दशकापर्यंत इथे डोंगरावर तांब्याच्या खाणीत काम करणाऱ्यांची वस्ती होती आणि खाली दलदलीचं गायरान. ते गायरान मॉस्टिन या जमीनदार घराण्याकडे आलं, लिव्हरपूलच्या ओवेन विल्यम्स यांनी गावाचा आराखडा काढला आणि १८४९ पासून भूखंड भाडेपट्ट्याने दिले गेले. रस्ता किती रुंद ठेवायचा, इमारत कशी बांधायची हे पट्ट्यातच लिहिलेलं. १८५८ मध्ये रेल्वेचा फाटा आला आणि गाव भरभराटीला लागलं. समुद्रासमोरच्या अर्धवर्तुळात आजही जवळजवळ फक्त हॉटेलं आहेत, फिक्या रंगांची, एका ओळीत. दुकानं एक रस्ता मागे, मॉस्टिन स्ट्रीटवर, लोखंडी खांब आणि काचेच्या छपराखाली. सयाजीरावांच्या काळात आखलेलं बडोदं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही शिस्त लगेच ओळखू येईल. इथला पियर, म्हणजे समुद्रात लांब गेलेला फिरायचा धक्का, १८७७ चा, आपली कमाटीबाग १८७९ ची.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मँचेस्टरहून सकाळी जाऊन रात्री परत यायचा बेत करू नका. या गावाचं वेळापत्रक भरती, वारा आणि हंगाम ठरवतात, आणि एका दिवसात तिन्ही जुळून येतीलच असं नाही. दोन रात्री राहिलात तर एक दिवस वाऱ्याने खाल्ला तरी दुसरा हातात राहतो.

कधी जावं

पदवीदान जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात असेल तर उत्तमच. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी साधारण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लागते आणि ऑगस्टअखेरपर्यंत चालते. त्या काळात हॉटेलचे दर वाढतात आणि ट्रामची रांग लांबते. मे महिन्याच्या पहिल्या बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, व्हिक्टोरियन काळातले पोशाख, वाफेची इंजिनं आणि जत्रेचे पाळणे यांचा मोठा उत्सव भरतो. तो बघायचाच असेल तर खोली कितीतरी महिने आधी घ्यावी लागते, आणि शांतता हवी असेल तर तेवढे तीन दिवस टाळावे लागतात. सप्टेंबर आम्हाला सर्वांत आवडतो: गर्दी ओसरलेली, ट्राम चालू, आणि समुद्राचं पाणी उन्हाळाभर तापून त्यातल्या त्यात उबदार.

उबदार म्हणजे किती? ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोळा अंश सेल्सिअसच्या आसपास. जुलैत दुपारचं हवेचं सरासरी तापमान एकोणीस अंशांच्या घरात. म्हणजे बडोद्याच्या जानेवारीतल्या सकाळइतकी हवा, वर समुद्राचा वारा. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा पातळ थर नेलेले बरे: सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट, वर हलकं लोकरीचं आणि सर्वांत वर टोपी असलेलं वारारोधक जाकीट. छत्री नेऊच नका, पहिल्याच झोतात ती उलटी होते आणि काड्या मोडतात. साडी नेसणाऱ्यांनी प्रॉमनेडवर (समुद्रासमोरच्या फिरायच्या रस्त्यावर) आणि डोंगरावर सलवार-कमीज किंवा पँट घालावी. वारा पदर सावरू देत नाही, आणि चढावर पायात येणारी साडी धोक्याची.

जूनअखेरीला सूर्यास्त रात्री पावणेदहाच्या सुमारास होतो. उजेड असतो म्हणून आपल्याकडचे लोक नऊपर्यंत फिरत राहतात आणि मग जेवायला जागा शोधतात. तोवर कितीतरी स्वयंपाकघरं बंद झालेली असतात. हे निवृत्त माणसांच्या आवडीचं गाव आहे, जेवणं लवकर होतात. साडेसहा-सातला जेवून घ्यावं आणि मग पुन्हा फिरायला निघावं. रविवारी मोठी दुकानं कायद्यानेच फक्त सहा तास उघडी असतात, बहुधा दहा ते चार. दूध, फळं, ब्रेड शनिवारी घेऊन ठेवा.

व्हिसा आणि गाडी

वेल्ससाठी वेगळा व्हिसा लागत नाही, ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो. प्रवासाच्या तारखेच्या तीन महिन्यांपेक्षा आधी अर्ज करता येत नाही आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे धरावेत. बोटांचे ठसे द्यायला बडोदेकरांना अहमदाबादचं केंद्र सोयीचं. अर्ज नाकारला जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बँक खात्यात अर्जाच्या तोंडावर आलेली मोठी रक्कम, जिचा उगम कागदावर दिसत नाही. मुदतठेव मोडली असेल तर पावती जोडा, मुलाने पैसे पाठवले असतील तर तसं त्याचं पत्र जोडा.

अहमदाबाद किंवा मुंबईहून आखाती देशात एक थांबा घेऊन थेट मँचेस्टरला उतरता येतं. उत्तर वेल्ससाठी ते लंडनपेक्षा सोयीचं. मँचेस्टरहून लॅन्डिडनोला थेट गाड्या आहेत, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. लंडनच्या यूस्टन स्टेशनहून लॅन्डिडनो जंक्शनला तीन-सव्वातीन तास, मध्ये क्रू किंवा चेस्टरला गाडी बदलावी लागू शकते. इथे नवखे फसतात. लॅन्डिडनो जंक्शन आणि लॅन्डिडनो ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, मध्ये काही मैल. तिकीट लॅन्डिडनोचंच काढा, जंक्शनला उतरून फाट्याची गाडी घ्या, दहाएक मिनिटांत पोचाल. तिथून समुद्र चालत दहा मिनिटांवर.

चेस्टर सोडल्यावर गाडीच्या दिशेने उजव्या हाताच्या खिडकीत बसा. फ्लिंटपासून पुढे खाडी आणि मग समुद्र बराच वेळ रुळांना लागून राहतो, इतका की वादळात लाटांचे शिंतोडे डब्यावर येतात.

आगाऊ स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीपुरतं असतं. गाडी चुकली तर नवीन तिकीट काढावं लागतं, आणि विमान उशिरा आलं ही सबब चालत नाही. म्हणून उतरल्या दिवशीच्या प्रवासाला ऑफ-पीक, म्हणजे गर्दीची वेळ सोडून कुठल्याही गाडीला चालणारं, तिकीट घ्या, परतीला आगाऊ घ्या. साठीच्या पुढच्यांसाठी सीनियर रेलकार्ड मिळतं, पासपोर्टवर परदेशी पाहुण्यालाही. त्याने भाडं एक तृतीयांशाने कमी होतं. साठीच्या आतल्या जोडप्याला टू टुगेदर कार्ड आहे, पण त्यात दोघांनी एकत्र प्रवास करायला हवा आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही.

गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतीय लायसन्सवर एक वर्षापर्यंत चालवता येते, आणि आपल्यासारखीच डाव्या बाजूने. मात्र सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैल झाली आहे. इंग्लंडमध्ये अशा रस्त्यांवर ती साधारण ३० असते. त्या सवयीने सीमा ओलांडणाऱ्यांना कॅमेरे टिपतात, आणि दंडाचा कागद भाड्याच्या कंपनीमार्फत, तिची वेगळी फी लावून, घरी पोचतो.

खोली घेताना काय विचारावं

समोरच्या ओळीतल्या इमारती चार-पाच मजली आहेत आणि जुन्या. मोठ्या हॉटेलांत लिफ्ट आहे, छोट्या गेस्ट हाउसांत बहुधा नाही, आणि जिना अरुंद, वळणाचा. पंचवीस किलोच्या दोन बॅगा तिसऱ्या मजल्यावर चढवायच्या म्हणजे गुडघेदुखीवाल्यांची परीक्षा. नकाशावर सगळ्या जागा सारख्याच दिसतात, म्हणून बुकिंगआधी ई-मेलने तीन प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, खोली कितव्या मजल्यावर, आणि खोलीतच न्हाणीघर आहे का. समुद्राकडच्या खोलीला जादा पैसे पडतात. जुलैत उशिरापर्यंत उजेड असतो, ते वसूल होतात. खोलीत किटली, चहाच्या पिशव्या आणि दुधाच्या छोट्या डब्या असतातच. प्लगला तीन चौकोनी पिनांचा ॲडॉप्टर लागतो, आपले गोल पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत.

इंडक्शन शेगडी किंवा छोटा कुकर नेऊन खोलीत खिचडी टाकायचा विचार सोडून द्या. धूर ओळखणारा अलार्म वाफेनेही वाजू शकतो आणि सगळी इमारत रस्त्यावर उभी राहते. स्वयंपाक करायचाच असेल तर स्वयंपाकघरासकटचा फ्लॅट आठवडाभर घ्यावा.

भरती-ओहोटीचा हिशेब

लॅन्डिडनोत समुद्र दोन बाजूंना आहे. प्रॉमनेडसमोरचा तो नॉर्थ शोअर, आणि गावाच्या मागे, अर्ध्या तासाच्या चालीवर, वेस्ट शोअर. उधाणाच्या दिवशी इथे भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सात मीटरच्या आसपास फरक पडतो, दोन मजली घराएवढा. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ पाण्यात जाताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचा अंदाज सहज येईल. खंभातच्या आखाताइतका तो मोठा नाही, पण तिथल्यासारखाच जाता-येता किनारा बदलून टाकतो.

नॉर्थ शोअरवर भरतीला फक्त गोट्यांचा उतार उरतो. त्यावर चपलेने चालता येत नाही, बूट हवेत. वाळू दिसते ती ओहोटीला. फोटोतली वाळू बघून आलेल्या कितीतरी कुटुंबांना दुपारी बारा वाजता नुसते दगड दिसतात आणि ती हिरमुसतात. उपाय आपल्या कालनिर्णयात आहे. कोकणात तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते; पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. उन्हाळ्यात, घड्याळं तासभर पुढे असताना, हा ठोकताळा लॅन्डिडनोलाही योगायोगाने जवळपास लागू पडतो, तासभर इकडेतिकडे. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आगेमागे, आणि वाळू मोकळी सकाळी सहाला व संध्याकाळी सहाला. अष्टमीच्या सुमारास उलट: ओहोटी भर दुपारी, पण ती भांगाची, म्हणजे कमी जोराची, त्यामुळे पाणी फार लांब जात नाही. मुलांना किल्ले करायचे असतील तर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांची संध्याकाळ साधावी.

हा झाला बेत आखण्यापुरता अंदाज. प्रत्यक्ष पाण्याजवळ जाताना छापील किंवा मोबाइलवरचा भरतीचा तक्ताच बघा, आणि तो कुठल्या वेळेत दिला आहे तेही बघा. काही तक्ते उन्हाळ्यातही ग्रिनिच वेळेत असतात, त्यात एक तास मिळवावा लागतो. वेस्ट शोअरवर ही चूक महागात पडते. तिथे कॉन्वी नदीच्या मुखाशी ओहोटीला वाळूचे मोठे दांडे उघडे पडतात आणि माणसं चालत दूर जातात. भरतीचं पाणी समोरून येत नाही. ते आधी दांड्याच्या मागच्या खोलगट भागातून भरतं. पायाखाली कोरडं असताना परतीची वाट बंद झालेली असते. ओहोटीची वेळ झाली की लगेच माघारी फिरा. कोणी अडकलेलं दिसलं तर स्वतः पाण्यात न उतरता ९९९ लावा आणि कोस्टगार्ड मागा.

पोहणाऱ्यांसाठी एवढंच: सोळा अंशांच्या पाण्यात एकदम उडी घेतली की श्वास आपोआप जोरात ओढला जातो आणि तोंडात पाणी जातं. मिनिट-दीड मिनिट उताणं तरंगत राहा, श्वास ताब्यात येतो, मग हातपाय मारा.

पियर आणि प्रॉमनेड

पियर सातशे मीटर लांब, वेल्समधला सर्वांत लांब. ओतीव लोखंडाचे खांब, वर जाळीदार तुळया, त्यावर लाकडी फळ्या. चालत जायला तिकीट नाही. १८८४ मध्ये तो जमिनीकडे प्रॉमनेडपर्यंत वाढवला, म्हणून त्याला मध्येच कोपरासारखं वळण आहे. फळ्यांमध्ये फटी आहेत: टोकदार टाचांचे बूट नकोत, आणि फोन काढताना दोरी मनगटात घाला, खाली थेट समुद्र आहे. वाटेत दोन पेन्सची नाणी टाकायची यंत्रं आहेत. नाण्यांचा ढीग आता पडेल मग पडेल असं वाटत राहतं. लहान मुलांना दोन पौंडांची सुटी नाणी द्या आणि तेवढ्यावर थांबायचं हे आधीच ठरवा. सकाळी नऊच्या आधी पियरच्या टोकाला गेलात तर मागे वळून सगळं अर्धवर्तुळ एका नजरेत दिसतं. दुपारी ऊन आणि गर्दी दोन्ही आड येतात.

पियरजवळच पंच आणि ज्यूडीचा बाहुल्यांचा खेळ होतो. कॉडमन घराणं तो १८६० पासून इथे करत आलं आहे. बाहुल्या हातात घालून नाचवायच्या, आवाज पातळ पत्रीच्या पिपाणीतून काढायचा. इंग्रजी फारसं कळलं नाही तरी मुलं रमतात. खेळ हवामान बघून होतो, पाऊस आला की नाही.

समुद्रपक्ष्यांपासून मात्र खरंच सावध राहा. हेरिंग गल हा कावळ्याच्या दुप्पट पक्षी मागून येतो आणि हातातली चिप उचलून नेतो. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की माणूस रोखून बघत असेल तर हे पक्षी खाण्याजवळ यायला जास्त वेळ घेतात. तेव्हा पाठ भिंतीला लावून बसा आणि पक्ष्याकडे बघत खा. उरलेलं टाकू नका, त्यानेच ते सोकावतात.

ग्रेट ऑर्म

गावाच्या पश्चिमेला चुनखडीचा २०७ मीटर उंच डोंगर आहे, ग्रेट ऑर्म. पावागडच्या चढाची सवय असलेल्या बडोदेकरांना उंची काहीच नाही. हॅपी व्हॅली बागेतून तासाभरात चालत माथ्यावर जाता येतं. पण ट्राम चुकवू नका.

ही ट्राम ३१ जुलै १९०२ ला सुरू झाली आणि पोलादी दोराने ओढली जाणारी रस्त्यावरची ट्राम ब्रिटनमध्ये आता एवढीच उरली आहे. डब्यात इंजिन नाही. मार्गाचे दोन स्वतंत्र भाग आहेत, आणि दोन्हींचे दोर मधल्या हाफवे स्टेशनातल्या चक्रांवर गुंडाळतात. प्रत्येक भागात दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले, म्हणून एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो आणि दोघांची वजनं एकमेकांना तोलतात. चक्राला फरकापुरतीच ताकद लागते. १९५८ पर्यंत ती वाफेची होती, मग वीज आली. खालच्या भागात दोर रस्त्याखालच्या नळीत असतो आणि मधल्या चिरेतून डब्याला जोडलेला, वरच्या भागात तो उघड्या कप्प्यांवरून पळताना दिसतो. खालचा चढ काही ठिकाणी दर चार फुटांना जवळजवळ एक फूट आहे. हाफवेला उतरून डबा बदलावा लागतो. तिथे काचेतून चक्रं बघता येतात, घाई करू नका. ट्राम मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर चालते. सकाळची पहिली-दुसरी फेरी घ्या, अकरानंतर चर्च वॉक्सवरच्या व्हिक्टोरिया स्टेशनाबाहेर रांग लागते. जाताना ट्राम आणि येताना पायी, हा आमच्या मते सर्वांत चांगला क्रम, कारण उतारावर समुद्र सतत समोर असतो.

हॅपी व्हॅलीतून निघणारी १९६९ सालची केबल कारही आहे, मैलभरापेक्षा लांब. वारा वाढला की ती थांबते, आणि हा निर्णय सकाळी निरभ्र आकाश बघून कळत नाही. ती चालू दिसली की आधी तीच करून घ्या. ट्राम नंतरही मिळते.

हाफवेजवळ कांस्ययुगातल्या तांब्याच्या खाणी आहेत. १९८७ मध्ये गाड्यांच्या तळासाठी जागा साफ करताना त्या उघडकीला आल्या. सुमारे ३८०० वर्षांपूर्वी लोकांनी दगडी हातोडे आणि जनावरांच्या हाडांनी हे बोगदे पोखरले. आजवर पाच मैलांहून जास्त बोगदे मोजून झाले आहेत. काही इतके अरुंद की त्यात लहान मुलंच शिरत असणार. हाडांवरच्या घासण्याच्या खुणा जवळून बघा, हिरवट झालेली ती हाडंही तांब्याने रंगली आहेत. आतलं छत खाली येतं, पायऱ्या ओल्या असतात. ज्यांना बंद जागेत गुदमरतं त्यांनी वरचा उघडा खड्डा बघूनच समाधान मानावं, तोही थोडका नाही.

डोंगरावर लांब वळलेल्या शिंगांच्या पांढऱ्या शेळ्या दिसतील. मूळ काश्मिरी जात. विंडसरच्या राजघराण्याच्या कळपातून मॉस्टिन घराण्याकडे आलेल्या जोडीचे हे वंशज, आता पूर्ण रानटी. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने रस्ते सुने झाले तेव्हा त्या गावात उतरून लोकांची कुंपणं खात हिंडल्या, ती दृश्यं जगभर पोचली. त्यांना खायला घालू नका, आणि पिल्लू आणि आई यांच्या मध्ये उभे राहू नका.

डोंगराला वळसा घालणाऱ्या रस्त्याचं नाव मरीन ड्राइव्ह. मोटारींना टोल आणि एकेरी वाहतूक, पियरकडून वेस्ट शोअरकडे. चालणाऱ्यांना काही नाही. गावातून परत येईपर्यंत सात-आठ किलोमीटर होतात. मोटारीने जाणाऱ्यांनी चुकून पुढे गेलो तर मागे वळता येणार नाही हे लक्षात ठेवावं, थांबायच्या जागा येतील तिथेच थांबावं.

शाकाहारी माणसाने काय खावं

इथे विस्ताराने लिहायलाच हवं, कारण बडोद्याहून जाणाऱ्यांची मुख्य काळजी हीच असते.

चिप्स म्हणजे नुसता बटाटा, असं समजून मागवू नका. काही दुकानं गाईच्या चरबीत तळतात. चव चांगली येते अशी जुनी पद्धत आहे. वनस्पती तेलात तळणाऱ्यांतही बऱ्याच जणांची कढई मासळीसाठी तीच असते. दोन प्रश्न विचारायचे: कोणत्या तेलात तळता, आणि चिप्सची कढई वेगळी आहे का. ग्लूटेन टाळणाऱ्यांसाठी वेगळी कढई ठेवणारी दुकानं असतात, त्यांच्याकडे उत्तर लगेच मिळतं. चिप्सबरोबरचे मशी पीज निर्धोक: मोठे वाळलेले वाटाणे खायच्या सोड्यात रात्रभर भिजवून शिजवलेले. त्यावर बरोबर नेलेली लाल तिखटाची चिमूट आणि कांदा पडला की जेवण होतं.

तिथल्या शाकाहारी खुणेत अंडं चालतं. अंडंही नको असेल तर व्हीगन शब्द शोधा, तो आपल्या कामाचा. वेल्श रेअरबिट हा चीज आणि बिअर घालून भाजलेला टोस्ट दिसायला शाकाहारी आहे, पण त्यात वूस्टरशायर सॉस असतो आणि त्यात बहुधा मासळी. वेल्श केक्स, तव्यावर भाजलेल्या बेदाण्यांच्या छोट्या चपट्या वड्या, जुन्या रीतीने डुकराच्या चरबीत मळतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी लोणी असतं, विचारून घ्या, अंडं मात्र असतंच. बारा ब्रीथ हा चहात रात्रभर भिजवलेल्या सुक्या मेव्याचा पाव, त्यातही बहुधा अंडं. हॉटेलच्या न्याहारीत काय हवं ते आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा: बीन्स, टोमॅटो, मशरूम, बटाट्याच्या हॅश ब्राउन आणि टोस्ट. मशरूम सॉसेजच्याच तव्यावर परतू नका हेही सांगा, ते खळखळ न करता वेगळा तवा घेतात.

घरून नेताना एक नियम कडक आहे. भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्याही नकोत, त्यांना बहुतेक वेळा प्रमाणपत्र लागतं. तेलातले थेपले (दही न घालता), खाकरे, भाकरवडी, लीलो चेवडो हे सगळं चालतं. थेपले दुहेरी फॉइलमध्ये बांधा, थंड हवेत चार दिवस आरामात टिकतात.

गोड म्हणून रॉक घ्या. ही कडक साखरेची कांडी कुठेही तोडली तरी आत गावाचं नाव दिसतं, आणि ते कसं होतं हे कळलं की कांडी हातात धरायची मजा वाढते. साखर आणि ग्लुकोजचा पाक १४० अंशांच्या वर उकळून थंड केलेल्या टेबलावर ओततात. त्यातला एक भाग रंगवून अक्षरांसाठी ठेवतात. दुसरा भाग हुकांवर ओढून ओढून त्यात हवा भरतात, म्हणून तो पांढरा आणि ठिसूळ होतो. मग अक्षरं लांब पट्ट्यांनी रचायची, पांढऱ्या आणि रंगीत पट्ट्या शेजारी शेजारी. सरळ रेघांची अक्षरं आधी करतात आणि गोल शेवटी, कारण गोल अक्षर गरम साखरेत वजनाने बसकं होतं. सगळी अक्षरं मधल्या गाभ्याभोवती लावून वर रंगीत साल गुंडाळली की मांडीएवढा जाड गठ्ठा होतो. तो फिरवत फिरवत ओढला की बोटाएवढी कांडी निघते आणि अक्षरं त्याच प्रमाणात बारीक होतात. पाक जास्त गरम राहिला तर अक्षरं तिरकी होतात. विकत घेताना टोक बघा, अक्षर स्पष्ट असेल तो माल नीट केलेला. घटक साखर, ग्लुकोज, पुदिन्याचा अर्क आणि रंग. मार्शमॅलो आणि जेलीच्या गोळ्या मात्र वाचून घ्या, त्यात बहुधा जिलेटिन असतं.

कॉन्वी

दुसऱ्या दिवशीचा अर्धा वेळ शेजारच्या कॉन्वी गावाला द्या, बसने वीसेक मिनिटं. इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने १२८३ नंतर बांधलेला किल्ला आणि गावाचा सुमारे सव्वा किलोमीटरचा तट, एकवीस बुरुजांसकट, अजून उभा आहे. १९८६ पासून जागतिक वारसा. तटावरून फुकट चालता येतं, पण एका बाजूला कठडा ठेंगणा आहे, लहान मुलांचा हात सोडू नका. धक्क्यावर ब्रिटनमधलं सर्वांत छोटं घर आहे, रुंदी जेमतेम १.८ मीटर. अभियंता टेलफर्डचा १८२६ चा झुलता पूल किल्ल्याला लागूनच. स्नोडनचं शिखर आणि त्यावर जाणारी दातेरी रुळांची गाडी याच दोन दिवसांत कोंबू नका, त्याला वेगळा दिवस लागतो आणि वर ढग असले तर काहीच दिसत नाही.

परतीची गाडी रविवारची असेल तर आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा वेळ तपासा. दुरुस्तीची कामं रविवारी निघतात, मधल्या टप्प्याला गाडीऐवजी बस देतात, आणि दोन तासांच्या प्रवासाला साडेतीन लागतात. विमान त्याच दिवशी असेल तर शनिवारीच मँचेस्टर गाठा.